लडलो आणि आसपास: ज्येष्ठांना झेपतील अशा सोप्या रानवाटा

मंजिरी_एम

नमस्कार मंडळी. मे महिन्याच्या मध्यावर आई-बाबा नाशिकहून येत आहेत. लंडन, बकिंगहॅम पॅलेस वगैरे मागच्या खेपेला झालं. या वेळी बाबांनी फोनवर स्पष्ट सांगितलं, "गाडीत बसवून फिरवू नकोस, चालायला मिळेल अशा गावी ने." म्हणून श्रॉपशरमधल्या लडलोमध्ये चार-पाच दिवसांसाठी घर घेतलंय, जुन्या तटाच्या आतच. आम्ही बर्मिंगहॅमला राहतो, त्यामुळे फार लांबही नाही.

बाबा बहात्तर वर्षांचे आहेत. रोज सकाळी गोदाकाठी तासभर चालतात, पण उतरताना गुडघा बोलतो. आईचा वेग कमी आहे आणि प्रत्येक झाडापाशी थांबायचं असतं. लेक सहा वर्षांची आहे. दाराबाहेर पडून पायीच जाता येईल, दोन-तीन तासांत परत येता येईल, मोठा चढ-उतार नसेल आणि मध्ये टेकायला बाक असेल, अशा वाटा हव्या आहेत.

माझं मतही मांडते. इंग्लंड दाखवायचं म्हणून एका दिवसात तीन गावं गाडीने पालथी घालण्यापेक्षा एका लहान बाजारगावात मुक्काम करावा आणि तिथून चारही दिशांना चालावं. गाव कळतं, माणसं बोलतात, जेवण पचतं. पटतंय का, आणि वाटा कोणत्या, दोन्ही सांगा.

टीमकाठ

आम्ही शेजारच्या हेरफर्डशरात बरीच वर्षं आहोत आणि लडलोला येणंजाणं सतत असतं. निवड उत्तम आहे.

पहिल्या दिवशी दुसरं काही करू नका, ब्रेडवॉकचा फेरा करा. किल्ल्यासमोरच्या चौकातून डिनमच्या उताराने नदीवर या. नदीचं नाव टीम. तिथे १८२३ सालचा दगडी डिनम पूल आहे, अलीकडे मिलेनियम ग्रीन नावाची हिरवळ आहे आणि जुन्या गिरणीत कॅफे. पाण्यावर बंधारा आहे, त्याचा आवाज ऐकत लेक तासभर बसेल. पूल ओलांडून डावीकडे वळलं की झाडीतून नदीच्या वरच्या अंगाने जाणारी वाट लागते, तोच ब्रेडवॉक. एकोणिसाव्या शतकात काम नसलेल्या मजुरांकडून ही वाट करून घेतली आणि मजुरी पावात दिली, म्हणून हे नाव पडलं असं इथे सांगतात. वाट थोडी वरखाली होते, पण दमवत नाही. शेवटी लडफर्डचा जुना पूल येतो. तो ओलांडून लोअर ब्रॉड स्ट्रीट, मग ब्रॉड गेट. गावाच्या तटाला सात दरवाजे होते, त्यातला हा एकच उरलाय. त्याच्या कमानीतून वर गेलात की ब्रॉड स्ट्रीट, आणि टोकाला बटरक्रॉसची घड्याळवाली इमारत.

थांबत थांबत गेलात तरी दीड-दोन तास. शेवटचा ब्रॉड स्ट्रीटचा चढ आहे, तो बाबांच्या गुडघ्याला चालेल, कारण त्यांना त्रास उतरताना होतो. म्हणूनच फेरा या दिशेनेच करा. उलटा केलात तर ब्रॉड स्ट्रीट उतरावी लागेल. डिनमचा उतारही आहे, पण सकाळी पाय ताजे असताना सावकाश उतरता येतो.

चहाबाज

आधी चहा कुठे मिळेल ते सांगत जा, वाट मग सांगा. आमच्या घरी बाबांसाठी हाच क्रम आहे. :)

टीमकाठ

चहाबाज, या फेऱ्यात चहा सुरुवातीला पुलाशी आणि शेवटी चौकात. मधल्या पट्ट्यात नाही. थर्मास घेतलात तर वाटेलगतच्या व्हिटक्लिफ माळावरच्या बाकावरून किल्ला, चर्चचा मनोरा आणि पाठीमागे क्ली टेकड्या असं सगळं समोर ठेवून पिता येतो.

सह्यभटका

थोडं स्पष्ट बोलतो. भारतातून माणसं एवढ्या लांब येणार आणि तुम्ही त्यांना गावकुसाबाहेरची शेतं दाखवणार? मे महिना म्हणजे लेक डिस्ट्रिक्टचा सर्वांत सुंदर काळ. तळी, डोंगर, बोट. बर्मिंगहॅमहून तीन-साडेतीन तासांत पोचाल. तिथेही तळ्याकाठच्या सपाट वाटा आहेत. लडलो छान आहे, पण ते शनिवारी दुपारी उरकण्यासारखं ठिकाण आहे.

मंजिरी_एम

टीमकाठ, किती नेमकं लिहिलंत! दिशेचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नसता.

सह्यभटका, लेक डिस्ट्रिक्ट सुंदर आहे याबद्दल वादच नाही. पण बाबांची अट दाराबाहेर पाऊल टाकलं की चालायला लागायचं, अशी आहे.

दूरची_वाट

सह्यभटका यांच्याशी असहमत. माझे सासू-सासरे कोल्हापूरचे. त्यांना आम्ही दोन्हीकडे नेलं. तळ्याकाठी दोघं फोटो काढून गाडीत येऊन बसले. लहान गावात मात्र दुसऱ्याच दिवशी सासरे एकटे बाहेर पडले, बाजारातून टोमॅटो आणि चीज घेऊन आले, वर भाजीवाल्याला विचारून आले की इथे कोणत्या महिन्यात काय पिकतं. ज्येष्ठांना एकट्याने बाहेर पडता येणं ही किती मोठी गोष्ट आहे! परदेशात मुलांकडे आले की पहिल्यांदा तेच जातं.

लडलोचा बाजार किल्ल्यासमोरच्या चौकात सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवारी भरतो. चालायचे दिवस त्याभोवती बसवा.

सह्यभटका

एकट्याने बाहेर पडण्याचा मुद्दा पटला. माझ्या आईबाबांच्या बाबतीत हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. तरी लेक डिस्ट्रिक्टचं मत कायम. :)

शिवारफेरी

साताऱ्याहून लिहितोय, इंग्लंड पाहिलेलं नाही. बाळबोध प्रश्न आहे. गावाबाहेरच्या या वाटा शेतांतून जातात ना? मग शेतकरी अडवत नाही? आमच्याकडे बांधावरून दुसऱ्याचा बैल गेला तरी कोर्टात जातात.

नकाशे_आणि_मी

शिवारफेरी, प्रश्न बाळबोध मुळीच नाही, या सगळ्या चालण्याचा पायाच तो आहे.

इंग्लंडमध्ये जमीन खाजगी असली तरी तिच्यावरून जाणारी सार्वजनिक पायवाट हा लोकांचा कायदेशीर हक्क असतो. चर्चला, गिरणीवर, बाजाराला, शेजारच्या गावी जायच्या या जुन्या वाटा. १९४९ च्या कायद्याने काउंटी कौन्सिलांना अशा वाटांचे अधिकृत नकाशे करायला लावले. वाट एकदा त्या नकाशावर आली की जमिनीचा मालक बदलला तरी ती राहते. लोकांनी वीस वर्षं हक्काने, बिनविरोध वापरलेली वाट सार्वजनिक मानण्याचीही तरतूद आहे. शेताच्या मधून वाट जात असेल तर शेतकऱ्याला नांगरता येतं, पण ठरलेल्या मुदतीत वाट पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते आणि पीक उभं असताना ती दिसेल अशी मोकळी ठेवावी लागते. गव्हाच्या शेतातून सरळ रेघेसारखी पट्टी गेलेली दिसते, ती हीच.

ओळखायचं कसं? पिवळा बाण म्हणजे फक्त पायी. निळा बाण म्हणजे घोडा आणि सायकलही चालते. ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर मालिकेतला २०३ क्रमांकाचा नकाशा लडलोचा आहे. प्रमाण १:२५,०००, त्यावर या वाटा हिरव्या तुटक रेघांनी दाखवलेल्या असतात. मंजिरी, कागदी नकाशा घ्याच. फोनला खोऱ्यात रेंज जाते, आणि मोठा नकाशा टेबलावर पसरून बाबा लेकीला दिशा शिकवतील ते वेगळंच.

शिवारफेरी

वाचून हेवा वाटला, खरंच. आमच्या गावात नकाशावर असलेले पाणंद रस्ते दोन्ही बाजूंनी खात खात बैलगाडीसुद्धा जाणार नाही एवढे उरलेत. कायदा आपल्याकडेही आहे. अडवलेली वाट खुली करायला मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५ आहे, बांधावरून नवी वाट मागायला जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आहे. तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. पण हे सगळं शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात जाता यावं म्हणून. कुणी नुसतं फिरायला म्हणून पाणंदीने चालत निघालंय हे आमच्याकडे कुणाला सांगून पटणार नाही. मला मात्र ते करायला आवडेल. ओढ्याकाठची पाणंद नोव्हेंबरात काय सुंदर असते!

नकाशे_आणि_मी

इंग्लंडमध्येही फिरण्याचा हक्क आपोआप मिळालेला नाही. १९३२ साली डर्बीशरच्या किंडर स्काउटवर कामगार तरुण बंदी मोडून सामूहिकरीत्या चढले, त्यातल्या काहींना तुरुंगवास झाला. १९४९ चा कायदा त्यानंतरचा, आणि मोकळ्या माळरानांवर फिरण्याचा हक्क देणारा कायदा तर २००० सालचा. शिवारफेरी, पाणंदीचा वेगळा धागा काढा, मी पहिला येईन.

कमळजा

+१. पाणंदीचा धागा हवाच.

गोठ्यातून

मूळ विषयावर एक महत्त्वाची सूचना. मे महिन्यात गाईंबरोबर लहान वासरं असतात. आपण मराठी माणसं गाय दिसली की हात पुढे करतो. इथे कृपा करून तसं करू नका. या गाई माणसाच्या हाताला सवकलेल्या नसतात आणि वासराजवळ गेलं की अंगावर येऊ शकतात. शेतात कळप असेल तर वासरू आणि गाय यांच्या मधून जाऊ नका, लांबून वळसा घाला, पळू नका. लेकीचा हात धरा. बरोबर कुणाचा कुत्रा असेल आणि गाई मागे लागल्या तर कुत्रा सोडून द्या, तो पळून सुटतो.

मांसासाठी पाळलेल्या जातीचा वळू गाईंबरोबर असेल तर त्याला पायवाटेच्या शेतात ठेवायला परवानगी आहे. दुधाळ जातीचा मोठा वळू ठेवता येत नाही. फाटकावर पाटी असते, ती वाचा. आणि फाटक जसं सापडलं तसंच ठेवून पुढे जायचं, बंद असेल तर बंद.

टीमकाठ

गोठ्यातून यांनी लिहिलेलं प्रत्येकाने वाचावं. ब्रेडवॉकवर गाई नाहीत. ब्रॉमफील्डच्या वाटेवर मात्र गुरं-मेंढ्या भेटू शकतात.

ब्रॉमफील्ड म्हणजे माझी दुसरी शिफारस. डिनम पुलापलीकडून श्रॉपशर वे या लांब पल्ल्याच्या वाटेचा एक तुकडा प्रायर्स हॉल्टनवरून, ओकली पार्कच्या जुन्या ओक वृक्षांमधून ब्रॉमफील्डला जातो. साधारण पाच किलोमीटर, बराचसा सपाट. खांबांवर बझर्ड पक्ष्याचं चिन्ह शोधत जा, लेकीला खेळ होईल. ब्रॉमफील्डला ऑनी नदी टीमला मिळते. तिथे जुन्या मठाचा दरवाजा आहे, खाली दगड आणि वर लाकडी चौकटीचं घर. शेजारी सेंट मेरीचं चर्च. त्याच्या गाभाऱ्याचं छत १६७२ साली रंगवलंय, देवदूत, ढग आणि अक्षरं लिहिलेल्या फिती. मान वर करून बघतच राहावं असं. रस्त्यापलीकडे शेतमालाचं मोठं दुकान आणि खायची सोय आहे. परत यायला चालायचं नसेल तर ४३५ क्रमांकाची श्रूझबरी–लडलो बस तिथून जाते. फेऱ्या मोजक्या आहेत, वेळ आधी बघा.

बखरीचं_पान

ओकली पार्कचं नाव वाचलं आणि राहवलं नाही. ही इस्टेट रॉबर्ट क्लाइव्हने घेतलेली. होय, तोच. त्याचा जन्म १७२५ सालचा, याच श्रॉपशरच्या उत्तर भागातला. आपल्याकडे प्लासी म्हटलं की तो आठवतो, पण त्याच्या आदल्याच वर्षी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, तो आपल्या विजयदुर्गावर होता. इंग्रज ॲडमिरल वॉटसनचं आरमार समुद्रातून आणि क्लाइव्हची फौज जमिनीवरून, असा तुळाजी आंग्र्यांवर हल्ला झाला. आंग्र्यांचं आरमार तिथे जळालं. सर्वांत बोचणारी गोष्ट म्हणजे या मोहिमेत नानासाहेब पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते. पुढे किल्ला पेशव्यांना मिळाला आणि बदल्यात इंग्रजांना बाणकोट. आपलं समुद्रावरचं बळ आपल्याच संमतीने गेलं.

लडलोचा किल्लाही क्लाइव्हच्या मुलाने, एडवर्डने, १८११ साली सरकारकडून विकत घेतला. हा एडवर्ड मद्रासचा गव्हर्नर होता. श्रीरंगपट्टण पडलं तेव्हा तोच गादीवर. किल्ला आजही त्याच्याच पॉविस घराण्याच्या इस्टेटीकडे आहे.

मी त्या वाटेने चाललोय. ओक फार देखणे आहेत. पण मन दोन ठिकाणी असतं.

मीरा_डी

बखरीचं_पान, छान माहिती. पण फिरायला आलेल्या आई-बाबांना हे सांगून दिवस जड का करायचा?

बखरीचं_पान

मीराताई, जड कशाने होईल? नाशिकच्या माणसाला विजयदुर्ग ठाऊक असतो. तिथे काय घडलं आणि त्यातला एक माणूस नंतर कुठल्या झाडांखाली फिरला, हे माहीत असलं तर वाट जास्त आपली होते. मी माझ्या वडिलांना तिथेच उभं राहून सांगितलं. ते बराच वेळ बोलले, आंग्र्यांबद्दल, पेशव्यांच्या चुकीबद्दल. त्या दिवशी आम्ही जेवढं बोललो तेवढं कित्येक वर्षांत बोललो नव्हतो.

मीरा_डी

तसं असेल तर मागे घेते. आंग्र्यांवर बोलणारे वडील मलाही आहेत. :)

विद्यानगरी

किल्ल्याबद्दल आणखी थोडं, कारण किल्ला बघितल्याशिवाय लडलो सोडू नये. अकराव्या शतकाच्या अखेरीस नॉर्मन द लेसी घराण्याने तो बांधायला घेतला, वेल्सच्या सीमेवर नजर ठेवायला. पुढे वेल्स आणि सीमाभागाचा कारभार पाहणारी कौन्सिल इथे बसायची, म्हणजे एवढ्याशा गावात राजधानीची वर्दळ. १४८३ मध्ये चौथा एडवर्ड वारला तेव्हा त्याचा बारा वर्षांचा मुलगा इथेच होता. इथून लंडनला निघाला आणि पुढे धाकट्या भावासह टॉवर ऑफ लंडनमध्ये दिसेनासा झाला. १५०२ मध्ये युवराज आर्थर इथेच वारला, लग्नाला सहा महिनेही झाले नव्हते. त्याची विधवा कॅथरिन पुढे आठव्या हेन्रीची राणी झाली, आणि तिला सोडण्याच्या हट्टापायी हेन्रीने रोमच्या चर्चशी फारकत घेतली.

आत हिरवळ सपाट आहे. बुरुजांचे जिने मात्र अरुंद आणि गोल आहेत, बाबांनी खालूनच पाहावं. त्याऐवजी तटाच्या बाहेरून जाणारी पायवाट आहे, अठराव्या शतकात झाडं लावून आखलेली. रात्रीच्या जेवणानंतर शतपावली करायला उत्तम. मे महिन्यात नऊ वाजेपर्यंत उजेड असतो.

दगडधोंडे

भूशास्त्रवाला आलाय, थोडं सहन करा. :)

जगभरच्या भूशास्त्रात सिल्युरियन काळाचा एक भाग लडलो या नावाने ओळखला जातो. चिलीत असो वा चीनमध्ये, त्या वयाच्या खडकाला लडलो म्हणतात. त्या भागाची सुरुवात जिथे प्रमाण मानून ठरवली, ती पिच कॉपिसची जुनी खाण लडलोच्या बाहेर मॉर्टिमर फॉरेस्टमध्ये आहे. वय सुमारे ४२ कोटी वर्षं. तेव्हा हा भाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला उथळ, कोमट समुद्राखाली होता. नाशिकभोवतीचा आपला बसाल्ट साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे इथल्या दगडापुढे तरुण.

लडफर्ड पुलाजवळच्या कोपऱ्यावर रस्त्याकडेच्या खडकात बोन बेड म्हणून एक पातळ थर आहे, आदिम माशांच्या तुकड्यांचा. त्याच परिसरातून १९९० मध्ये जमिनीवर राहणाऱ्या अतिप्राचीन प्राण्यांचे अवशेष जाहीर झाले, कोळ्याच्या जवळचे जीव आणि गोमेसारखे. म्हणजे ब्रेडवॉकच्या शेवटी बाबा दम खायला थांबतील, तिथेच प्राणी पाण्यातून जमिनीवर आल्याच्या सर्वांत जुन्या खुणांपैकी काही मिळाल्या. हातोडी चालवायला बंदी आहे, नुसतं बघायचं. लेक सहा वर्षांची आहे ना? तिला दाखवाच. या वयात दगड मनात बसला की जात नाही.

मंजिरी_एम

दगडधोंडे, लेकीला हे आत्ताच सांगितलं. ती पिशवी भरून दगड आणायच्या तयारीत आहे, बंदीचं तिला समजावतेय.

रानफूल

तुमच्या आईसाठी लिहिते. मेच्या पहिल्या पंधरवड्यात इथल्या जंगलात ब्लूबेल फुललेल्या असतात, मध्यापर्यंत ओसरू लागतात, पण सावलीत सापडतील. ओलसर उतारांवर रानलसूण असते, रुंद पानं आणि चांदणीसारखी पांढरी फुलं. चुरडलं की स्वच्छ लसणाचा वास येतो. पानांची चटणी अप्रतिम होते, पण दोन गोष्टी. तिच्याबरोबरच लॉर्ड्स अँड लेडीज नावाची विषारी वनस्पती उगवते, मूठभर पानं उपटताना तीही हातात येते. शिवाय व्हिटक्लिफ ही निसर्गसंस्थेने जपलेली जागा आहे, तिथे तोडू नये. ब्लूबेलचा कंद उपटणं तर कायद्यानेच मना आहे.

वाटेच्या कडेला नेटल असतं, हात लागला की आग होते. आईंना सलवार किंवा पँट घालायला सांगा, साडी काटेरी तारेत अडकते. उंच गवतातून आलात की घरी येऊन पायांवर गोचिडी तपासा. चावलेली दिसली तर चिमट्याने मुळाशी धरून ओढा, आणि नंतर लाल गोल चट्टा उठला तर डॉक्टरांकडे जा.

बंधाऱ्याखालच्या दगडांवर डिपर नावाचा पांढऱ्या छातीचा पक्षी बसतो. तो चक्क पाण्याखाली चालतो. आईंना आवडेल.

माईआजी

मी अडुसष्ट वर्षांची, मुलाकडे दरवर्षी येते. तुझ्या बाबांच्या वतीने बोलते, मुली.

गुडघे दुखणाऱ्याला चालण्याची भीती नसते गं, फाटकांची असते. इथे शेताच्या कुंपणावर लाकडी पायरी ठेवून पाय पलीकडे टाकायचा असतो, तिला स्टाइल म्हणतात. ती ओली असली की आम्हा म्हाताऱ्यांचा जीव वर-खाली होतो. फिरतं फाटक असेल तर प्रश्नच नाही. म्हणून आधी तू एकटी जाऊन वाट बघून ये, किंवा कुणाकडून तरी फाटकांची चौकशी कर. दोन काठ्या घे, एक पुरत नाही. आणि "अजून थोडंच राहिलंय बाबा" असं खोटं सांगू नकोस. किती राहिलंय ते खरं सांगितलं की माणूस चालतो.

चहाबाज

माईआजींना साष्टांग नमस्कार. शेवटची दोन वाक्यं मुलाला दाखवणार आहे.

टीमकाठ

माईआजी अगदी बरोबर. मंजिरी, ब्रॉमफील्डच्या वाटेवरची फाटकं मी या शनिवारी चालून बघतो आणि इथे लिहितो.

रेल्वेप्रेमी

एक दिवस पूर्ण सपाट हवा असेल तर आगगाडीने क्रेव्हन आर्म्सला जा. लडलोहून उत्तरेला पुढचंच स्टेशन, दहा मिनिटांच्या आत. तिथे डिस्कव्हरी सेंटरमागे ऑनी नदीकाठची कुरणं आहेत, सोप्या वाटा, कॅफे, स्वच्छतागृह. तिथून स्टोकसे कॅसल जवळच. किल्ला म्हणतात, पण खरं तर तटबंदीचा वाडा. लडलोच्याच लॉरेन्स नावाच्या लोकरीच्या व्यापाऱ्याने बांधला, तटबंदीचा राजपरवाना १२९१ चा. तीनच वर्षांनी लोकर घेऊन जाणारं जहाज बुडालं, त्यात तो गेला. वाडा मात्र जवळजवळ तसाच उभा आहे. लोकरीत केवढा पैसा होता ते तिथे कळतं. लडलोचे रुंद रस्तेही त्याच पैशावर सजले.

सह्यभटका

लेक डिस्ट्रिक्ट सोडलं. :) पण एकदा तरी उंचावर न्याच. टिटरस्टोन क्ली टेकडीवर गाडी जुन्या खाणीच्या पार्किंगपर्यंत जाते, माथा त्यापुढे थोडा. ५३३ मीटर. काळा कठीण डोलेराइट दगड, खाणीचे काँक्रीटचे सांगाडे, माथ्यावर रडारचे पांढरे घुमट, चोहीकडे मेंढ्या. स्वच्छ हवा असेल तर वेल्सचे डोंगर दिसतात. वारा मेमध्येही कानात शिरतो, कानटोपी घ्या. बाबा पार्किंगपाशी थांबले तरी देखावा पूर्ण मिळतो.

दूरची_वाट

मॉर्टिमर फॉरेस्टही राहिलं. व्हिनल्सच्या पार्किंगपासून खुणांच्या वाटा निघतात. हाय व्हिनल्सचा माथा सुमारे ३७५ मीटर, तो चढ बाबांना नको, पण खालचे रुंद जंगलरस्ते ठीक. लांब केसांची फॅलो हरणं याच जंगलात आहेत. पहाटे गेलात तर दिसण्याची शक्यता जास्त.

टीमकाठ

चालून आलो. ब्रॉमफील्डपर्यंत चिखल आता कमी आहे, बूट पुरतील, गमबुटांची गरज नाही. बहुतेक ठिकाणी फाटकं आहेत, बाबांना अडचण येऊ नये. एका शेतात मेंढ्या आणि कोकरं, गाई या वेळी नव्हत्या. मधल्या टप्प्यात बाक मात्र नाही, घडीचं स्टूल न्या.

मंजिरी_एम

टीमकाठ, तुम्ही आमच्यासाठी चालून आलात, काय बोलू! बाबांना हे वाचून दाखवलं, त्यांनी तुम्हाला नाशिकच्या चिवड्याचं आमंत्रण दिलंय. घेऊन येणारच आहेत.

आराखडा असा. पहिला दिवस ब्रेडवॉक आणि दगडधोंडे यांचा कोपरा. दुसरा बाजार, किल्ला आणि तटाबाहेरची शतपावली. तिसरा ब्रॉमफील्ड, परत बसने, आणि बखरीचं_पान यांची गोष्ट ओकांखाली. चौथा क्रेव्हन आर्म्स. हवा स्वच्छ असेल त्या संध्याकाळी क्ली. आणि पाऊस लागला तर?

विद्यानगरी

पाऊस लागला तर सेंट लॉरेन्सचं चर्च. मनोरा ४१ मीटरचा, चढायला दोनशे पायऱ्या, तो नातीने आणि तुम्ही करावा. खाली गायकांच्या घडीच्या आसनांखालचं मध्ययुगीन लाकडी कोरीवकाम आहे, आई-बाबांचा तास सहज जाईल. दुसऱ्या आणि चौथ्या दिवसाची अदलाबदल करता येईल असं ठेवा, फक्त बाजाराचा वार सांभाळा.

माईआजी

आणि चौथ्या दिवसानंतर एक दिवस काहीही ठरवू नकोस. बाबा स्वतःच सांगतील कुठे जायचं ते. त्या दिवशी त्यांना पुढे चालू दे, नकाशा त्यांच्या हातात.

नकाशे_आणि_मी

२०३ क्रमांकाचा. क्रेव्हन आर्म्ससाठी २१७ लागेल, तोही घ्या.